गार झालेला पिझ्झा

ऐका मंडळी! माणसाची परीक्षा कधी होते? उपाशी असताना? छे! समोर पान वाढलेलं असताना होते. कशी, ते सांगतो.

आपल्या कॉलनीत, पिठाच्या गिरणीशेजारी, एक इटालियन हॉटेल निघालंय. हसू नका, मीही जाऊन आलोय! तिथं एका संध्याकाळी कोण आलं? अण्णा खांबेटे. आयुष्यभर देवळाच्या उत्सवात पंगत वाढलेला माणूस. बरोबर मुलगा चिन्मय. आणि समोर ऋजुता, आईवडिलांना घेऊन. चिन्मयला ती मनापासून आवडलेली, पण तिचा होकार अजून यायचा होता.

चिन्मयनं घरीच बजावलं होतं, "अण्णा, तिथं श्लोक नको, आग्रह नको. आणि ज्याचं आलं त्यानं सुरू करायचं, तशीच पद्धत असते."

अण्णा म्हणाले, "बरं."

पहिला पिझ्झा आला तो अण्णांच्याच पुढं. वाफा निघतायत, चीज ओघळतंय — आणि अण्णा हात मांडीवर ठेवून बसलेले! मग तिच्या आईवडिलांचं आलं, चिन्मयचं आलं. ज्यांचं आलं त्यांनी सुरू केलं. अण्णा ढिम्म.

चिन्मयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा, खा ना. लोक बघतायत."

अण्णा हळूच म्हणाले, "ऋजुताचं यायचंय."

चिन्मयनं समोर पाहिलं. तिच्यापुढं नुसता काटा-चमचा! पोरगी पाण्याचे घोट घेत बसलेली. अरे, जिचा होकार मिळवायला आलास, तिच्याच पुढं काही नाही, आणि तुझ्या तोंडात घास? चिन्मयनं हातातला तुकडा खाली ठेवला. तिच्या वडिलांचाही हात थांबला.

एवढ्यात मालकीणबाई धावत आल्या. "काका, काही बिघडलंय का? हात लावला नाहीत."

आता अण्णा काय बोलणार? पण त्यांच्याआधी चिन्मय उठला. मान ताठ करून, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, "हे माझे वडील. सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय ते जेवत नाहीत."

बाईंच्या लक्षात आलं, ऋजुताची ऑर्डर आत सांगायचीच राहिली होती! त्यांनी स्वतः ती करून आणली. अण्णांचा पिझ्झा गरम करून देते म्हणाल्या, पण अण्णांनी ऐकलं नाही. ऋजुताच्या पानात पडलं तसे ते म्हणाले, "हं, आता होऊ द्या सावकाश." आणि तो गारढोण पिझ्झा काय चवीनं खाल्ला म्हणता!

ऋजुता चिन्मयला म्हणाली, "माझ्यासाठी थांबणारं माणूस ज्या घरात आहे, त्या घरात मला यायचंय."

मंडळी, आज आपल्याकडंही प्रसाद आहे. मसालेभाताचा वास मघापासून तुम्हाला येतोय, आणि मलाही येतोय. पण बाहेर आपल्या चपला सांभाळत सुमनताई बसल्यात. त्यांचं पान कुणी मांडलंय का? नाही ना? मग मांडा. त्यांना आत बोलवा. तोवर मीही थांबतो.