मुळासकट

एम.एस्सी.साठी शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र सुकदेवच्या खिशात होतं. वनस्पतिशास्त्र. नमुने गोळा करायला ज्यांनी डोंगर दाखवला त्या झिपरूआबांना ते दाखवायला तो धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या रांगेत उभा होता. पुढे दोन बायका.

"रुक्माअक्का, सूनले झिपरूआबानी जडी दिधी का?"

"कथाईन देई? डोंगरवर जडीना एकच येल व्हता, तो गया."

"आबा ते निम्मा कंद जमीनमाच ठेवस ना?"

"आबा ठेवस. मांगला साल कालेजना पोऱ्या उना, त्यानी मुयासंगे उपटा."

"कसाले वं?"

"कागदवर आख्खा झाड चिटकाडना पडस म्हने, तवय सरकार शिकाले पैसा देस."

"आबा रागे भरना नही?"

"नही. उलट रोज पोस्टमनले इचारस, पोऱ्याना कागद उना का."

गाडी लागली. बायका चढल्या. सुकदेव तिथंच उभा राहिला.

"चढ ना रे भाऊ, जागा शे," अक्का दारातून म्हणाली. "साक्रीलेच जावानं शे ना तुले?"

"नाही अक्का," तो म्हणाला. "मला जळगावला जायचंय."