वसावे सरांनी लिहिलेली वाट

बसा, सगळे बसा. मागे दाराशी उभे आहात त्यांनीही आत या, सतरंजीवर जागा आहे.

मित्रहो, मी नाही म्हणत होते. ग्रंथालयात आयुष्य गेलं माझं. दुसऱ्याला गप्प बसवायची सवय, स्वतः बोलायची नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे तो फक्त 'ए, हळू!' एवढाच. पण सरांबद्दल या शोकसभेत सगळे चांगलं चांगलं बोलून गेले, आणि ते खोटं नाही, तरी मला खाली बसून राग यायला लागला. हसतमुख होते म्हणे. अरे, कधीपासून हसले नव्हते ते, बघितलं नाही का कोणी?

एक आधी सांगते. समोर पहिल्या रांगेत सरांची आई बसल्या आहेत. याहा. डोंगरात आईला याहा म्हणतात, सर म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांना मराठी कळत नाही. मोलगीच्याही वरच्या पाड्यावरून काल जीपनं आल्यात. शेजारी सरांची बहीण रमिला आहे, तिला सगळं कळतं. रमिला, मी बोलते ते आईला सांगू नकोस. आणि तुम्हीही कोणी सांगू नका. त्या 'वसावे' ऐकलं की मान वर करून बघतात, म्हणून मी आता नुसतं 'सर' म्हणते.

सर वनस्पतीशास्त्र शिकवायचे हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांचा अर्धा दिवस माझ्याकडे जायचा, ग्रंथालयातल्या संगणकांपाशी. का? तर पोरांना प्रकल्प असायचा, सातपुड्यातली जैवविविधता. पोरं काय करायची? नाव टाकायचं, पहिलं जे येईल ते उतरवायचं. एकीनं तोरणमाळचं फूल म्हणून हिमालयातलं फूल छापून आणलं. एकानं तर सातपुड्यात हिमबिबट्या सोडला! सर कपाळावर हात मारायचे. म्हणायचे, "ताई, ह्या पोराच्या घरामागं जंगल शे, आन् तो मन्हापुढे बर्फातला बिबट्या आणी ऱ्हायना." डोंगरातला माणूस, पण माझ्याशी बऱ्याचदा आमची सपाटीवरची अहिराणी बोलायचा, आणि माझ्यापेक्षा गोड.

मग त्यांनी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एक पान सुरू केलं. मराठीतून. कुठं शोधायचं, एवढंच. झाडाचा वाळवलेला नमुना बघायचा तर कुठं, पक्ष्याचा आवाज ऐकायचा तर कुठं, आपल्या गावाची जैवविविधता नोंदवही झाली आहे का ते कुठं बघायचं, जंगलाचे कायदे मुळातून कुठं वाचायचे. प्रत्येक दुव्याखाली दोन ओळी, हे खरं किती आणि जुनं किती. आणि पोरांना तीन प्रश्न घोकायला लावायचे. कोणी लिहिलंय? कधी लिहिलंय? बघून लिहिलंय की ऐकून? हे प्रश्न मी घरी माझ्या जावेलाही विचारायला लागले, तर ती माझ्याशी बोलेना.

चांगलं काम होतं हो ते. धुळ्याकडून, गुजरातेतून लोक लिहायचे, सर, तुमच्यामुळे सापडलं.

पण सरांना एक गोष्ट बोचायची. सगळ्या जगाची माहिती आहे, आपल्या डोंगराची नाही. म्हणून त्या पानाला त्यांनी एक पुरवणी जोडली. स्वतः बघून लिहिलेली. त्यात एका कंदाची नोंद होती. त्याचं नाव मी घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही पुटपुटू नये. पावसात वर येतो, चार बोटांचं फूल, सरांच्या पाड्यामागच्या उतारावर आणि बहुधा दुसरीकडे फारसा नाहीच.

आता ऐका. तुम्ही आम्ही सपाटीवरची माणसं. कोणी पत्ता विचारला तर हात वर करून म्हणतो, जा सरळ. डोंगरात तसं नाही. तिथं वाट विचारली की माणूस हातातलं काम टाकून उठतो आणि तुम्हाला तिथंवर सोडून येतो. अर्धी वाट सांगणं म्हणजे दारातून हाकलणं. सर त्याच मातीतले. शास्त्र शिकले, पण वाट सांगायची ती घरच्यासारखीच. त्यांनी त्या पानावर लिहिलं: मोलगीला उतरा, बाजाराच्या मागून जीप मिळते, शेवटच्या पाड्यावर उतरा, मोठ्या महूच्या झाडापाशी आमचं घर आहे, आई असते, ती पाणी देईल आणि उतार दाखवेल.

आई उतार दाखवेल. असं कोण लिहितं? दुर्मीळ झाडाची जागा झाकून ठेवायची असते, हे सर स्वतः वर्गात शिकवायचे! मी म्हटलंही नंतर. तर म्हणाले, "ताई, माझ्या मनात वाचणारा म्हणजे विद्यार्थीच होता. दुसरं कोणी वाचत असेल असं डोक्यातच आलं नाही."

दुसरे वाचत होते. जडीबुटीचे व्यापारी गाडी घेऊन आले. याहांना सांगितलं, सरांनी पाठवलंय. झालं! भाषा कळो न कळो, पोराचं नाव घेतलं म्हटल्यावर काय विचारता. याहांनी पाणी दिलं, भाकरी दिली, उतारावर नेलं, कुठं कुठं आहे ते काठीनं दाखवलं. परत येऊन चुलीपाशी बसल्या. त्या लोकांनी गोणी भरल्या आणि जाताना याहांच्या पाया पडून गेले. पाया पडून!

सर पुढच्या सुट्टीत घरी गेले, उतार बघितला आणि परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. उभेच होते. म्हणाले, "ताई, मन्ही मायनी चोरस्ले वाट दखाडी. आते काय करानं?" मी म्हटलं, आईनं चोरांना वाट दाखवली ते झालं, आधी ते पान तर काढा.

पान त्याच दिवशी काढलं. पण उपयोग काय? तोवर कोणी ते उचलून जडीबुटीच्या दुकानाच्या पानावर चिकटवलं होतं. कोणी हिंदीत करून त्याची चित्रफीत बनवली, खाली संगीत. कोणी भटकंतीवाल्यानं 'एक दिवसाची सहल' म्हणून टाकलं. सर एकेकाला लिहीत बसायचे, कृपया काढा, कृपया जागा तरी काढा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून लिहायचे. एखाद्याचं उत्तर यायचं, तेही 'आपल्या संदेशाबद्दल आभार'. अन् आता तर शोधायलाही लागत नाही. फोनला विचारा, फोनच सांगतो: मोलगीला उतरा, जीप मिळते, आई दाखवेल. पोरांना शोधायला शिकवणारा माणूस, आणि शेवटी त्याला एकच हवं होतं, की हे कोणाला सापडू नये.

आईला सांगा ना मग, मी म्हटलं, कोणाला दाखवू नकोस म्हणावं. त्यांनी सांगून पाहिलं. याहा म्हणाल्या, वाट विचारणाऱ्याला नाही म्हणू? मग दारात बसू कशाला? आणि एकदा विचारलं, तुझी ती पोरं सगळंच खणून घेऊन गेली, कुठं नेलं रे? आता पोटच्या पोरानं काय सांगावं? तू ज्यांना भाकर दिलीस ते चोर होते, आणि त्यांना तुझ्या दारात मी आणलं, हे? ते म्हणाले, कॉलेजात नेलं, याहा. ग्रंथालयामागं वाफा केलाय, तिथं लावलंय सगळं. छान वाढलंय.

याहा खूश झाल्या. पोराच्या शाळेत आपला डोंगर लागलाय म्हणून पाड्यावर सगळ्यांना सांगत सुटल्या.

वाफा नाही. तुम्हाला माहीत आहे, ग्रंथालयामागं दुचाक्या लागतात. सरांनी दोन-तीनदा कुंडीत लावून बघितलं होतं, वाचलेले एखाद-दुसरे कंद. आपल्या लोणखेड्याचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. सडले.

मग त्या दिवशी सरांच्या छातीत कळ आली, शहाद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल.

आज सकाळी मी ग्रंथालय उघडलं तर पायरीवर याहा बसलेल्या, सोबत रमिला. मांडीवर पदराची गाठ. माझा हात धरला आणि गाठ सोडून दाखवली. आत कंद होते, ओल्या मातीसकट, चांगले ओटीभर. चोरांच्या हाताला लागले नव्हते ते, दगडांच्या फटीतले, उतारावर उरलेसुरले सगळे. येण्याआधी याहांनी स्वतः खणले. रमिलानं मला सांगितलं, आई म्हणते, माझ्या पोराचा वाफा दाखवा. तो गेला, आता त्याच्या वाफ्याजवळ हेही लावते, म्हणजे त्याचं सगळं एका ठिकाणी राहील.

आता त्या उतारावर काही नाही. नाहीच.

मी त्यांना म्हटलं, सभा झाली की दाखवते. खोटं बोलले. सरांचंच खोटं पुढं चालवलं.

तुमच्यातले शास्त्रवाले म्हणतील, मॅडम, परत डोंगरात नेऊन लावा. मीही तेच म्हटलं मनात. मग? पुढच्या पावसात कोणीतरी फोन बघत बघत महूपाशी येणार, सरांचं नाव घेणार, आणि याहा उठून त्याला तिथं सोडून येणार. इथं लावलं तर ऊन खाणार. मला तिसरी जागा सुचत नाही. कोणाला सुचत असेल तर नंतर माझ्या कानात सांगा. मोठ्यानं नको.

सर, तुम्ही चांगला माणूस होता आणि तुमचं चांगलं काही शिल्लक राहिलं नाही. हे शोकसभेत बोलू नये म्हणतात. मी बोलले.

आता उभं राहूया. याहांना हात द्या कोणीतरी. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. आणि मग कोणी परस्पर घरी जाऊ नका. ग्रंथालयामागच्या दुचाक्या आधी काढा, शिपायाला फावडं आणायला सांगितलंय. रमिला, तू तोवर आईला इथंच चहाला बसव. त्या मागं येण्याआधी आपल्याला वाफा करायचाय, आणि तो जुना दिसला पाहिजे.