शेवटचं उभ्याला सांगायचं

—न्हाय, न्हाय, उठू नगंस. मावतंय मला. बाकडं तिघांचं हाय, आन माझं तर पाक चिपाड झालंय, रस न्हाय काय न्हाय, किती जागा लागनार. काठी तेवढी तुझ्या बाजूला टेकीव. हां. पंखा बंद हाय व्हय ह्यो? का बटन दाबायला पन सही लागती हितं? सोलापुरात जागा घेतली, काचा लावल्या, हेड ऑफिस म्हनून पाटी लावली, आन मानसाला बसाया ह्ये येक बाकडं. असू दे. तू मला वळखलंस, दिसलं मला. मी पन तुला जिन्यातनंच वळखलं. वैष्णवी न्हवं तू? धरनाकाठच्या कारखान्यातली, मिल हाऊसची इंजिनेर. सस्पेंड केलेली. — बरं बरं, मान खाली घालू नगंस, खरं त्येच हाय की. माझं तोंडच तसलं हाय, घरची मानसं सुदीक म्हनत्यात, सिद्रामप्पाच्या तोंडाला कानस लावली पायजे. मला बी आत बोलिवलंय. रामहरी सायबांनी गाडी पाठिवली, चीफ इंजिनेरची गाडी, सगळा जल्म मिस्त्रीकी केली तवा कदी सायकल पाठिवली न्हाय. म्हनले, मिस्त्री, तुमी फोनवर जे सांगितलं त्येवढंच कमिटीपुढं सांगायचं आन जायाचं. दोन मिन्टाचं काम.

मी आलो कशाला म्हनशील तुझ्याजवळ? तितं पलीकडं सोफा हाय, दिसला मला. आलो ह्ये सांगाया, की पोरी, तुजं चुकलं. कोन तरी तोंडावर सांगितलं पायजे की न्हाय? चुलीवरचा लाल तवा गार पान्यात बुडिव बरं, काय हुतंय? वाकडा हुतोय. मंग तापलेल्या बेरिंगवर एकदम पानी सोडतंय का कोन? वरनं बेरिंगचं पितळ गार पडलं की आवळतंय, आन आत शाफ्ट तसाच गरम, फुगलेला — सापानं बेडूक धरल्यागत धरतंय ते. मंग काय, बसली मिल जाग्याला. आन कदी बसली? भर हंगामात. यार्डातनं उसाच्या गाड्या पार फाट्यापतुर, बैलं तितंच बसल्याली, ऊस वाळतोय, टोळीवाले शिव्या घालत्यात. ऐकलंय मी सगळं. ह्ये असलं आमच्या टायमाला पोरासोरानं केलं असतं तर निंगप्पा वस्तादानं कानाखाली — बरं, ऱ्हाऊ दे त्ये.

व्हय, म्हाईत हाय मला, तू तुझ्या मनानं न्हाय केलंस. त्या यंत्राला इचारलंस. त्ये मोबाईलमधलं, एआय का काय म्हनत्यात ते. तीन कारखाने आपल्या मालकाचे, बार्शीकडचा, तुमचा आन आमचा, आन तिन्हीकडचे इंजिनेर येकमेकाला कदी नीट सांगत न्हाईत, हितं बॉयलर फुटायला आला तरी तितल्याला पत्ता न्हाय — म्हनून सगळ्यांची डोकी येका डब्यात घालायची. कुनी बी इचारायचं, डबा सांगनार. आता डोकं कुनाचं घालायचं? शिकल्यालं डोकं तर फाइलीत व्हतंच. ऱ्हायलं आमचं, चवथी नापासाचं. पुण्यासनं दोन पोरं आली माझ्या घरी, तांब्याला टेकून मोबाईल उभा केला आन म्हनली, आजोबा, बोला, तुमाला जे जे येतंय ते ते बोला. आन मी बोललो. कुनी तरी समूर बसून बोल म्हनलं ह्येच लई दिसांनी झाल्तं. मिल, पंप, गिअर, क्रेन, काय ठिवलं न्हाय. कारखान्यावर सत्कार केला माझा, फेटा, शाल, नारळ. बार्शीकडच्या मिस्त्रीनं बॉयलरचं सांगितल्यालं, त्येला नुसता हार. मी शाल घरी गेल्यावर पन काढली न्हाय, अक्कम्मा, आमची मंडळी, म्हनली उकडत न्हाय व्हय? मी म्हनलो, न्हाय. उकडत व्हतं.

तवा तू म्हनशील, मिस्त्री, सगळं सांगितलं तर मंग पान्याचं का न्हाय सांगितलं? — न्हाय म्हनलीस तू, पन डोळं म्हनत्यात तुझं. बग, आमच्यात शिकवायची रीत न्यारी. तुमच्या कालेजात फळ्यावर सगळं लिवत्यात, मागच्याला झोप लागली तरी त्येला बी त्येच. आमच्यात तसं न्हाय. निंगप्पा वस्ताद सगळं सांगायचा, येकच गोष्ट हातची ठिवायचा, आन सांगून झालं की पाठ फिरवून चिंध्यानं हात पुसत बसायचा. तवा ज्येला वाटायचं झालं, कळलं आपल्याला, तो जायाचा. आन ज्यो येडा तितंच उभा ऱ्हायचा — त्येला मिळायचं. तोंडानं इचारायचं न्हाय बरं का. उभं ऱ्हायचं. शेवटचं उभ्याला सांगायचं, अशी रीत. मला तर जेवनाच्या भोंग्यापासनं पाळी सुटायच्या भोंग्यापतुर उभं केल्तं त्यानं, आन मंग सांगितलं काय, तर हाताची पाठ. रिकामी मिल हळू फिरती ठिवायची, तेल सोडत ऱ्हायचं, आन बेरिंगच्या घरावर हाताची पाठ टेकायची. 'ओम नमः शिवाय' म्हनून हुस्तोवर हात टिकला, तर पानी. भाजला, तर थांब. येवढंच. येवढंच व्हतं ते. बग, तुला बसल्या जागी सांगितलं, फुकाट.

आता मला सांग, त्या यंत्रापुढं मी काय करायचं? त्ये उभं ऱ्हातंय का? त्येला पाय हायेत का? मी बेरिंगचं सांगितलं, लोड काढा, तेल द्या, मंग पानी द्या, आन रीतीपरमानं थांबलो. पाठ पन फिरवली मी, खरं सांगतो, त्या मोबाईलकडं. त्येनं काय केलं? धन्यवाद म्हनलं. झालं. गेलं पुढच्या पानावर. यात माझा काय दोष? शिकनाऱ्यानं उभं ऱ्हायला पायजे—

—इचारलं म्हंजे, तसं इचारलं व्हतं त्येनं. खोटं कशाला बोलू. तसल्या गोड बाईच्या आवाजात म्हनलं, आजोबा, पानी सोडायच्या आदी किती थांबायचं? मी म्हनलो, त्ये कळतंय करनाऱ्याला. परत इचारलं. परत त्येच सांगितलं मी. तिसऱ्यांदा म्हनलं, आनखी काही राहिलंय का? आन मी म्हनलो, न्हाय. संपलं. … अगं सवयच ती. जल्मभराची सवय, लगीच सुटती व्हय? हात आपोआप झाकतोय मानूस.

सवय न्हाय पोरी. असं बगू नगंस. सांगतो की. आदी कसं व्हतं, हंगाम लागला की माझा फोन खाली ठिवाय सवड नसायची. रिटायर हून इतकी वर्सं झाली तरी. मिस्त्री, पंप कापतोय. मिस्त्री, गिअर वरडतोय. जेवत्या ताटावरनं उठायचो, अक्कम्मा वरडायची, मला आतनं ग्वाड वाटायचं. आन ह्यो डबा आला, आन फोन बंद. यंदाच्या हंगामात, मोळी टाकल्यापास्नं, येक फोन न्हाय. चार्ज करून करून बॅटरी फुगली त्येची. माझंच बोलनं, माझ्याच नावानं, 'सिद्रामप्पा मिस्त्री सांगतात की' — आन सिद्रामप्पा बसलाय घरात, त्येला कुनी इचारत न्हाय. ह्ये असंच हुनार ह्ये मला आदीच दिसत व्हतं, तवा म्हनलं, येक तरी ठिवावं आपल्यापाशी. येक खुटी. तितं आलं की अडनार. अडलं की आठवनार. ह्ये मी पुण्याच्या पोरांपुढं बसलो तवाच मनात धरलं व्हतं. मुद्दाम.

आन बग, त्ये यंत्र माझ्यापरास खरं निगालं. त्येनं आपल्या पदरचं काय घातलं न्हाय. तुला उत्तर दिलं त्यात लिवलंच व्हतं म्हनं — पानी कदी सोडायचं हे मिस्त्रींनी सांगितलेलं न्हाय, त्यांना फोन करून खात्री करावी. खाली माझा नंबर. कमिटीच्या कागदात हायच की त्ये, त्याच वळीवर तर तुला धरलंय, खात्री का केली न्हाय म्हनून. आन तू म्हनतीस, केला व्हता फोन. मिल हाऊसच्या फोनवरनं केलास म्हंजे तुझ्या मोबाईलात काय घावनार? सायबांनी मला इचारलं. मी म्हनलो, न्हाय बा. आमच्याकडं काय आला न्हाय. रेंज नसती, म्हनलो.

रेंज असती. गच्चीवर टावर हाय शेजाऱ्याच्या.

वाजला पोरी. मांडीवर व्हता फोन. कारखान्याचा नंबर बगीतला आन अंगात असं काय तरी झालं, सत्कारात बी झालं नव्हतं. अक्कम्मा समूर ज्वारी निवडत बसल्ती, म्हनली, वाजतोय, उचला की. मी म्हनलो, पयल्या रिंगला उचलायचं नसतंय. करू दे दुसऱ्यांदा. उभं ऱ्हाऊ दे जरा. आन वाजून वाजून बंद झाला. मी चष्मा पुसला, घसा खाकरला, फोन सरळ धरला हातात, आता आला की काय म्हनायचं त्ये सुदीक ठरिवलं — बोला सायेब, असं जरा जाड आवाजात म्हनायचं. न्हाय आला. च्या गार झाला, न्हाय आला. तुज्याकडं बेरिंग धुराला आलं व्हतं, तू कशाला परत करशील. मला काय म्हाईत धूर निगतोय? — इचारलं असतं तर कळलं असतं. उचलला असता तर कळलं असतं.

आन सांजच्याला बातमी आली, मिल बसली. आमच्या वॉचमननं सांगितलं. तवा मला काय वाटलं म्हाईत हाय? … जाऊ दे. … बरं वाटलं. ऐकलंस का? बरं वाटलं मला. म्हनलं, आता कळंल. कोन पोरगी, कुनाची, तिचं काय हुईल, ह्ये डोक्यात आलं न्हाय, येक डाव पन. आन सायबांचा फोन आला तवा पयल्या रिंगला उचलला मी. आन म्हनलो, मी समदं सांगितलंय, पोरीनंच चुकिवलं असंल. अक्कम्मा चुलीपाशी व्हती. आमची मंडळी अक्कलकोटकडची, राग आला की कानडीत येती. म्हनली, नाचिकी बरंगिल्लेनु निमग. लाज वाटत न्हाय का तुमाला. येवढंच. तवापास्नं ताट वाडती, फुडं ठिवती, बोलत न्हाय. आज गाडी आली तर शाल काढून दिली हातात. पांघरा म्हनली, सत्काराला चाललाय न्हवं.

पिशवीत हाय ती. पांघरली न्हाय.

फोन बी हाय खिशात. त्यात अजून तसाच दिसतोय तुजा फोन, तांबड्या अक्षरात. मला पुसाया येत न्हाय. आन नातवाला पूस म्हनायचं, तर काय म्हनून सांगू त्येला? — बग, मी तुला हे का सांगितलं त्ये मला बी कळंना. मी आल्तो तुजी चूक सांगाया. तू आत गेलीस की काय बोलशील, त्ये तुजं तू बग. शिकल्याली हाईस, दुसरी नोकरी लागंल. लागंल की. आमच्यासारख्याचं नाव येकदा गेलं की — पोरी, तीन कारखान्यांत माझं येवढंच नाव हाय गं.

ह्यो बग, शिपाई आला. तुजंच नाव घेतोय. जा. पदर, आपलं, ती ओढनी नीट कर आन जा. घाबरायचं न्हाय. जा की.

बोलिवत्यात न्हवं तुला? दार उघडं धरलंय त्यानं. जा म्हनतो न्हवं. अशी का? … काय ऱ्हायलंय आता, सगळं सांगितलं की मी. अगं, हितं का उभी?

… हितं का उभी ऱ्हायलीस, पोरी.

व्हय.

व्हय, व्हय. कळलं. काठी दे ती हिकडं. शिपायाला म्हनावं, दार धर तसंच. आन तू बस.