नुसत्या पाण्याची वाफ

हॅलो?… कोण, ताई? जरा मोठ्यानं बोल. डोक्यावर टॉवेल आहे… वाफ घेतेय. फोन टेबलावर ठेवलाय, स्पीकरवर.

कुठे म्हणजे? कारखान्यात… हो, वास घ्यायच्याच खोलीत. मला दुसरी खोली कुठली देणार हे साबणवाले?

हो, हो… तुझ्याच थर्मासातलं पाणी. सकाळी फाटकावर आणून दिलंस तेच. अजून चांगलं कढत आहे. आत्ताच डोकं घातलं, लगेच काय बरं वाटणार?… डोळ्यांतून मात्र धारा लागल्यात. सर्दीचंच असेल.

काय?… नाही. लसूण नाही. काल सांगितलं, परवा सांगितलं. अगं, लसूण खाल्ला की दोन दिवस घामाला वास येतो. समोर गुलाबाच्या तेलाचं पिंप आणि मी हुंगत बसायचं स्वतःला… मोज्यात कांदा? पायांना सर्दी झालेली नाही, ताई.

ऐक ना… अगं ऐक. मी काही तुझ्या उपायांवर उठलेली नाही. मिठाच्या गुळण्या केल्या ना? दिवसातून चारदा. दुसऱ्या दिवशी घशाची खवखव कमी झाली. रात्री मध चाटला, खोकल्यानं उठावं लागलं नाही. आलं घातलेलं गरम पाणी प्यायले, नाक होतं तिथंच, पण पोटाला बरं वाटलं. जे लागू पडलं ते पडलं, नाही ते नाही… हो, वहीत लिहिलंय. हसू नकोस. वीस वर्षं दुसरं काय करतेय मी?

कुठून लागली ते मला विचारतेस? रविवारी तुझ्याकडे जेवायला आले आणि भावोजी वाढता वाढता शिंकले… वाटीवर. तुमच्या घरात बारा महिने काढे, आणि गावातली पहिली सर्दी तुमच्याकडे. त्या काढ्यापेक्षा त्यांना तोंडावर हात धरायला शिकव. आणि मग तो हात धुवायला… सांग त्यांना, मी म्हणाले म्हणून सांग.

सुट्टी? सुट्टी घेऊन काय करू?… ताई, तुला शंभरदा सांगितलं. दहा वाजता साहेब येणार. पिंप उघडायचं, कागदाची पट्टी बुडवायची, मी वास घ्यायचा, सही करायची, मग तेल साबणात जाणार. मी नसले तर त्यांचा भाचा मशीनवर आकडे बघून सही करेल. टपूनच बसलाय तो… एक दिवस कसा? एकदा नाकाशिवाय पिंप आत गेलं, की उद्या नाकवाली कशाला हवी? मशीन सर्दीनं रजा घेत नाही, असं तो माझ्या तोंडावर म्हणालाय. आणि मागच्या वर्षी कुबट तेल याच मशीननं पास केलं होतं. पकडलं मी.

म्हणून तर वाफ. नुसत्या पाण्याची वाफ घेतली की माझं नाक अकरा मिनिटं उघडं राहतं. तीनदा घड्याळ लावून पाहिलं… नाही गं, त्यानं सर्दी जात नाही. अकरा मिनिटं मिळतात. मला तेवढी पुरे.

नुसत्या पाण्यानं काही होत नाही, असं कोण म्हणतं?… तू म्हणतेस. बरं. तुझी डॉक्टरकी घरी ठेव.

हॅलो?… काय पुटपुटतेस? हॅलो, ताई?

काय केलंस?… परत बोल. थर्मासात नुसतं पाणी होतं ना?… ताई. नुसतं पाणी होतं ना?

किती थेंब?

दहा… निलगिरीचे दहा थेंब.

नाही, मला नाही कळलं. कसं कळणार? आज शेजारी घर पेटलं तरी मला कळणार नाही. म्हणून डोळे झोंबत होते… थांब. टॉवेल काढते. सगळी वाफ खोलीत भरलीय. खिडक्या बंद आहेत. मीच केल्यात, बाहेरचा वास आत नको म्हणून.

थांब… थांब जरा.

आला. आता येतोय वास. नाक उघडलं, आणि पहिला वास निलगिरीचा.

रडतेस कशाला?… माझ्या भल्यासाठी केलंस, ठाऊक आहे. मला सांगितलं असतंस तर मी ओतून दिलं असतं, हेही ठाऊक आहे तुला. म्हणूनच नाही सांगितलंस… नाही, पिंप अंगणात नेऊन उपयोग नाही. माझ्या केसांत शिरलीय ती, बाहीत शिरलीय.

काय सांगू म्हणतेस?… सफाईवाल्या मावशींनी फरशीला काही लावलं म्हणून? त्यांच्या माथी मारू? माझ्या सर्दीपायी त्यांची नोकरी घालवू? तोंड सांभाळ, ताई. खोली मी बिघडवली, मीच सांगणार.

दार वाजलं… नाही, ठेवू नकोस. ऐकायचं असेल तर ऐक.

या, साहेब… हो, निलगिरीच आहे. मी वाफ घेतली, तिची. मला चार दिवस सर्दी आहे. तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, ती चूक माझी… नाही, आज सही होणार नाही. या खोलीत आज मला गुलाब कळणार नाही… तुमच्या भाच्यांना बोलावता? बोलवा. मशीन लावू द्या. फक्त कागदावर लिहा, ‘या पिंपाचा वास कोणी घेतलेला नाही’, आणि खाली तुमची सही करा… त्यांची नाही, साहेब. तुमची. साबणावर नाव तुमचं छापतात.

हे घ्या पेन.

…

नको? मग पिंप उद्यापर्यंत बंद राहील. उद्या नाक नसेल तर परवा… काढायचं तर काढा मला. तेही लिहूनच द्या. तोवर झाकण माझ्या ताब्यात.

…गेले. दार आपटून गेले.

हॅलो?… हो, ऐकलंस ना? पेनाला हात नाही लावला त्यांनी… काय होईल? ठाऊक नाही. भाचा जिन्यात दिसतोय, येईल आता… भांडणार तर. सोडते की काय?

आता पुरे, ताई. ठेवते. झाकण घट्ट करायचंय, त्याला दोन्ही हात लागतात.