ताटाएवढं पुस्तक

...ताटाएवढं आहे हो ते, ताटाएवढं! आता तुम्हीच सांगा, पुस्तक कसं असावं? एका हातात मावावं, वाचता वाचता डुलकी लागून नाकावर पडलं तर नाक जागेवर राहावं, एवढी माफक अपेक्षा. हे पडलं तर नाकाचं काही खरं नाही. आणि माझी बायको, लव्हॉन, ते मांडीवर घेऊन खिडकीशी अशी बसते, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं बाई शेंगा सोलतायत. शेजारचा ड्वेन तर त्याच्याही पुढे गेला. आला, कॉफीचा मग हातात, टेबलावर हे पुस्तकं वाचायचं यंत्र पडलेलं, त्याने सरळ त्याच्यावर मग ठेवला आणि म्हणतो कसा, "ऑरिन, ट्रे झकास आहे रे, कुठून आणलास?" मी म्हटलं, "ड्वेन, तू अख्ख्या लायब्ररीवर कॉफी ठेवली आहेस." तर हा मग उचलून वाकून बघतो, डाग पडलाय का!

फायदे आहेत, नाही म्हणत नाही मी. उन्हात धक्क्यावर बसा, काच चमकत नाही, अगदी कागदासारखं दिसतं. एकदा चार्ज केलं की इतके दिवस चालतं, की पुढच्या वेळेपर्यंत चार्जर कुठे ठेवला तेच विसरायला होतं. जाड पुस्तकापेक्षा वजनाला हलकं. आणि अक्षरं... अक्षरं हवी तेवढी मोठी करा. पण हाच तर घोटाळा झाला ना. सांगतो.

लव्हॉनचे डोळे गेले तेव्हापासून सांगायला हवं. म्हणजे अगदी गेले नाहीत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले डोळ्यामागचा पडदा झिजलाय. मिनेसोटातल्या आमच्या अख्ख्या गावात तिच्याइतकं वाचलेली बाई नाही, आणि तिलाच अक्षर दिसेना. मी आयुष्यभर काय केलं? रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवली. मी वाचायचो ते पाट्या. पण ती नुसती पुस्तक हातात धरून बसायला लागली, तेव्हा मला बघवेना, एक दिवस जेवण झाल्यावर म्हटलं, "आण इकडे, मी वाचतो."

तुम्हाला सांगतो, पहिल्या पानावर मला घाम फुटला. मग जमायला लागलं. मग आवाज काढायला लागलो. गेल्या वर्षी एक कादंबरी लागली होती, सुपीरियर सरोवरावरच्या एका जहाजाच्या कॅप्टनची, त्यात कॅप्टनची खाष्ट सासू आहे. तिला मी आमच्या सासूबाईंचाच आवाज दिला. "कॅप्टन, पाय पुसून ये, हे घर आहे, जहाज नाही!" लव्हॉन इतकी हसायची की चष्मा काढून डोळे पुसायची. घरात मी तसा मुखदुर्बळ माणूस, आमच्याकडे पुरुष बोलत नाहीत, गाडी चालू झाली की हवेबद्दल दोन शब्द आणि बंद करताना दोन. पण त्या एका तासात मी बोलत होतो हो. दिवसभर मी त्या तासाची वाट बघायचो. हे तिला कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

आणि मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमची मुलगी ब्रिट आली, हे ताट घेऊन! "आई, बघ, अक्षरं केवढी होतात!" एका पानावर वीस-पंचवीस शब्द, मावशीच्या भरतकामासारखे. लव्हॉनने मान जरा तिरपी केली, कडेच्या नजरेने बघितलं, आणि वाचलं. स्वतः. मोठ्याने. चार वर्षांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाला दिसू नये म्हणून मी टर्की बघायला ओव्हनपाशी गेलो. फायदे आहेत, नाही म्हणत नाही मी. ब्रिटने ती कॅप्टनची कादंबरीसुद्धा त्यात घालून दिली, आणि जाताना काय केलं? आमचं कागदी पुस्तक लायब्ररीत परत केलं. "बाबा, आता कशाला हवंय?" कॅप्टनचं जहाज भर वादळात, आणि पुस्तक लायब्ररीत!

त्याच आठवड्यात जेवण झालं आणि लव्हॉनने विचारलं, "ऑरिन, आज तू वाचतोस का?" आता हे नीट ऐका. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, एवढं म्हणतेस तर." लहानपणापासून हाडात मुरलेलं आहे. पहिल्याच झटक्याला हो म्हणणारा माणूस बाहेरगावचा. तर मी म्हटलं, "नको, वाच की तू. तुझं यंत्र आहे." ती म्हणाली, "नाही, तुला वाचायचं असेल तर..." मी म्हटलं, "छे, माझं काय." आणि आरामखुर्चीत जरा सरसावून बसलो, घसा साफ केला, तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत.

आणि दार वाजलं. ड्वेन! हातात कॉफीचा मग! तोच तो दिवस, ट्रेवाला!

तासभर बसला. त्याच्या ट्रकच्या गिअरबॉक्सबद्दल बोलला. गेला तेव्हा लव्हॉन वाचायला बसली होती, एकटी, आणि तिसरा प्रश्न राहिला तो राहिलाच. आता मी आपण होऊन कसं म्हणणार, मला वाचायचंय म्हणून? दोनदा नको म्हटलेला माणूस मी! आणि तिला वाटलं, चार वर्षं घसा सुकवला बिचाऱ्याने, सुटला एकदाचा.

अख्खा हिवाळा, मंडळी. ती खिडकीशी, मी आरामखुर्चीत. घरात आवाज कसला, तर त्या यंत्राचाही नाही, पान उलटताना ते नुसतं काळं होऊन डोळा मारतं. ती मधेच हसायची. मला कळायचं, सासूबाई आल्या. पण काय म्हणाल्या? विचारायचं कसं? कागदी पुस्तक असतं तर निदान कुठवर आलं ते जाडीवरून दिसलं असतं. याला जाडी नाही, खाली कोपऱ्यात नुसता टक्का, किती वाचून झालं त्याचा! जाता येता तो टक्का बघणं एवढंच माझ्या हातात राहिलं.

एकदा तर तिने ते तळ्यावर नेलं, बर्फावरच्या आमच्या मासेमारीच्या खोपटात. मी गळ टाकून बसलो, ती वाचत. तर त्या थंडीत पानच उलटेना. अर्धं जुनं पान, त्यावर अर्धं नवं, कॅप्टनचं वादळ आणि सासूबाईंचा दमा एकावर एक. लव्हॉन वैतागून म्हणाली, "काही लागत नाही बाई." मी मनात म्हटलं, आता तरी विचार! मी तोंडही उघडलं होतं. तिने ते यंत्र कोटाच्या आत घातलं, उबेला. माझ्या गळाला त्या दिवशी मासाही लागला नाही.

मग मार्च आला, बर्फ मऊ पडला, आणि माझ्या लक्षात आलं की टक्का हलत नाहीये. शहाण्णव. दुसऱ्या दिवशी शहाण्णव. पुढच्या रविवारी चर्चला जाताना बघितलं, शहाण्णव. म्हटलं, बिघडलं! खोटं कशाला बोलू, मनातून मला बरं वाटलं. ब्रिटला फोन लावला, "तुझं यंत्र अडकलंय गं." तिने काय काय दाबायला सांगितलं, मी दाबलं, पान झकास पुढे गेलं, मागे आलं. ब्रिट म्हणाली, "बाबा, त्याला काही झालेलं नाही. आईच पुढे जात नाहीये."

त्या दिवशी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतर कॉफी. लिंबाच्या वड्यांचं ताट, आणि ताटात नेहमीप्रमाणे एकच वडी उरलेली. शेवटची वडी आमच्याकडे कुणी घेत नाही. बाईमाणूस येतं, सुरीने अर्धी करतं, अर्धी घेतं. पुढचा त्या अर्धीची अर्धी करतो. शेवटी नखाएवढा तुकडा राहतो आणि तो ताटाबरोबर धुतला जातो. मी त्या वडीकडे बघत होतो, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात एकदम उजेड पडला.

घरी आलो, कोट न काढता म्हटलं, "लव्हॉन, तुझी कादंबरी राहिलीय का?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय," ती म्हणाली. "म्हटलं, तुला हवं असेल."

"नको नको. तू घे."

"तूच घे रे. मी सगळं खाल्लंच की."

"छे, माझं काय." आणि असं म्हणालो आणि माझाच मला राग आला. म्हटलं, "लव्हॉन, तिसऱ्यांदा विचार. पाया पडतो, विचार. मला वाचायला आवडायचं. तुला वाचून दाखवायला आवडायचं."

ती बघतच राहिली, म्हणजे बघते तशी, जरा कडेने. "मग बोलायचं नाही का, वेड्या?"

"तू तिसऱ्यांदा विचारलंस कुठे?"

"ड्वेन आला होता!" ती म्हणाली. आणि मग हळूच, "मला वाटलं तू दमलास. सासूबाईंचा आवाज मला काही काढता येत नाही रे. मनातल्या मनात तुझाच ऐकत होते."

मी कोट काढला.

तेव्हापासून असं आहे. जेवताना ती मला मधलं सांगते, वादळात काय झालं, कोण बुडालं, कोण वाचलं, आणि जेवण झाल्यावर मी शेवटचं प्रकरण वाचतो. सगळं नाही. उरलेल्यातलं अर्धं. दुसऱ्या दिवशी, उरलेल्याचं अर्धं. संपवायचं कुणी, हा प्रश्नच आहे ना! ब्रिट फोनवर विचारते, "बाबा, संपलं का? पुढचं पाठवू?" मी म्हणतो, "नको नको, आहे अजून." फायदे आहेत, नाही म्हणत नाही मी. अक्षरं केवढी मोठी होतात, त्यामुळे थोडकंसुद्धा पुष्कळ पुरतं.

काल शेवटचं पान लागलं. कॅप्टन परत आलाय. दाढी वाढलेली, अंगावर बर्फ, स्वतःच्याच दारात उभा, आणि आतून बायको म्हणते, "आत ये." तिथे मी यंत्र बंद केलं. उरलेल्या दोन ओळींना हात लावायचा आमच्यापैकी कुणाचाच धीर नाही. ड्वेन म्हणतो, "अरे, बिचारा थंडीत उभा आहे, घ्या की त्याला घरात." म्हटलं, राहू दे उभा, ड्वेन. इकडचाच माणूस आहे, तिने अजून दोनदा विचारल्याशिवाय तोही आत येणार नाही.