खोलीपुरता आवाज

“हॅलो?… हॅलो!… व्हय, सोलापूरच… व्हय व्हय, मल्लव्वाच बोलतीय… अकलूजहून? मग जोडा की लवकर… हॅलो? अक्का? कोण गेलं गं?… कुणी न्हाय? सगळी बरी हायेत?… अवो पार्वतम्मा, कुणी गेलेलं न्हाय. बसा तुमी.”

पार्वतम्मा ही घरमालकीण. टेलिफोन तिच्या पडवीत, तिनंच विणलेल्या क्रोशाच्या टोपड्याखाली. माडीवर राहणाऱ्या मल्लव्वाला ट्रंककॉल आला म्हणून अंगणातून हाक मारतानाच तिनं पदराचं टोक डोळ्यांशी नेऊन ठेवलं होतं. आता कुणी गेलेलं नाही म्हटल्यावर ती पुन्हा शेंगा फोडायला बसली. हात शेंगांत होते, कान फोनला चिकटलेले.

“मग भरदुपारी कारखान्याच्या हापिसातनं फोन कशाला, अक्का?… कुणी?… ह्यांनी? ह्यांनी दाजींच्या हापिसात फोन केला?… कवा?… आज सकाळी, गिरणीतनं! बघ. बघ म्हणजे! घरात तोंडातनं शब्द न्हाय, आन् अकलूजला गाऱ्हाणं… काय म्हणाले?… रेडिओ द्यायला सांगा म्हणाले… न्हाय… न्हाय देणार… अगं, न्हाय म्हणजे न्हाय. अप्पांचा रेडिओ हाय तो. त्यांनी माझ्या लग्नात दिलेला.”

तिकडची गुरम्मा थोरली बहीण, मल्लव्वा धाकटी. थोरलीला समजूत घालायची सवय आणि धाकटीला ती उधळून लावायची. तिकडून समजुतीचा सूर लागला तसा मल्लव्वानं पदर खोचला. कीर्तनात बुवा पूर्वरंग आटोपून उपरणं कमरेला कसतात, अगदी तसा.

“अगं ऐक ना… तू माझं ऐक आधी. तुला हितलं नाटक ठाऊक न्हाय. ह्यांचा ऑर्केस्ट्रा मोडला तवा ती गिटारीची पेटी घरी आणली की न्हाय?… व्हय, तीच, ॲम्प्लिफायर. पेटी कसली, तिजोरी! गड्ड्याच्या जत्रेत चार हजार माणसाला पुरायची ती, आन् आता आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारेवर ती पोलादी कांडी सरकवायची, आन् खाली पार्वतम्मांच्या फळीवरची भांडी नाचायची… व्हय, त्यांनी बजावलंय. पुन्यांदा एक ताट जरी पडलं तरी खोली खाली करा म्हणून.”

पार्वतम्मानं शेंग फोडता फोडता मान डोलावली. दोन फुलपात्रांना पोचे आले होते, ते ती विसरली नव्हती.

“मग हळू लावा की! मीबी तेच म्हणते. पण हळू लावली की म्हणे गोडवा जातो… मला काय इचारतीस? गोडवा! जसा काय पेटीत गूळ भरून ठेवलाय… म्हणे, जत्रेत कसा स्वर पाकाच्या तारेसारखा लांबायचा, आन् हितं हळू लावली की डब्यात माशी अडकल्यासारखा वाजतो… ते खरं हाय. माशीच वाजते. पण मग सोडून द्या की! तर न्हाय. घरात हळूच वाजायला पाहिजे, आन् जत्रेतल्यासारखंच वाजायला पाहिजे. म्हणजे भाकरी तव्यावर टाकायची न्हाय, आन् फुगायला मात्र पाहिजे.

“काय काय केलं म्हणतीस? काय न्हाय केलं ते इचार. आधी चार चादरी गुंडाळल्या पेटीला, बाळंतिणीला गुंडाळतात तशा… आवाज? बाळंतीण कण्हल्यासारखा. मग पेटीचं तोंड ज्वारीच्या पोत्याकडं केलं. ज्वारीनं ऐकलं, आमाला काय ऐकू आलं न्हाय… हसू नकोस. दाजींनाबी म्हणावं, हसू नका. मग एक दिवस स्पीकरची वायरच काढून टाकली… व्हय गं, बिनतोंडाचा गवई! तेवढ्यात चन्नवीर मेकॅनिक आला म्हणून बरं… तो गं, गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करतो तो. बोंबललाच. अहो, स्पीकर न जोडता वाजवाल तर आतला ट्रान्सफॉर्मर जळंल! जोर आतनं सुटतो, त्याला कुटं तरी जायला वाट नको का?… मग त्यानं स्पीकरच्या जागी काय लावलं सांग… बल्ब. विजेचा बल्ब! तार छेडली की पेटतो, थांबली की विझतो. पेटीला जोर तेवढाच, पण त्याचा उजेड हुतो, आवाज न्हाय. अगदी थोडा आवाज बारक्या स्पीकरला. मी म्हटलं, देवघरात लावा, आरतीला कामाला येईल… चाललं की दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बल्ब उडाला.

“हां?… कोण?… तीन मिनिटं झाली? मग करा की आणखी तीन. साखर कारखान्याचा फोन हाय… हॅलो, अक्का? हां, हाय मी.

“शेवटी चन्नवीर काय म्हणाला ते ऐक. म्हणे, वहिनी, व्हॉल्व्हला, त्या आतल्या काचेच्या नळीला, घाम फुटल्याबिगर स्वर पिकत न्हाय. ही पेटी पैलवान हाय. पैलवानाला वाटीभर पाणी उचलायला लावलं तर त्याला घाम कुठला? तुमाला खोलीपुरतं वाजवायचं तर बारका व्हॉल्व्ह पाहिजे. तो जीव तोडून वाजला तरी खोलीच भरंल, खालची भांडी हलायची न्हाईत… शहाणा हाय की न्हाय? आन् एवढं बोलून दोघांनी मिळून कुटं बघितलं? माझ्या रेडिओकडं! जुना हाय, व्हॉल्व्हचा हाय, मागं रेकॉर्ड वाजवायला दोन भोकं हायेत. तितं गिटारीची वायर घालायची म्हणे.

“का म्हणजे? एक तर वायर पक्की बसवायला त्याच्या लाकडाला आणखी भोक पाडणार. दर दसऱ्याला अप्पा बोटानं तेल लावायचे त्या लाकडाला, आन् हा चन्नवीर त्याला गिरमिट लावणार! दुसरं म्हणजे, आवाजाचा जो व्हॉल्व्ह हाय ना, तो आता बाजारात मिळत न्हाय. चन्नवीरच सांगतो. रोज दोन तास गिटारीला जुंपला तर वर्षभर काढंल, न्हायतर महिन्यात जाईल. गेला की रेडिओ मुका. आन् रेडिओ मुका झाला की माझं कीर्तन गेलं… मठात कुटलं आता? बाळीवेशीतल्या मठातले बुवा गेले तवापासनं मठात कीर्तन कुटं ऱ्हायलंय? आठवड्याला रेडिओवर लागतं तेवढंच. ते बी ह्यांच्या गिटारीच्या गळ्यात बांधू व्हय?

“तुझा पाठव की मग! तुझाबी व्हॉल्व्हचाच होता, अप्पांनीच दिलेला. दे ह्यांना, करू दे काय करायचं ते… कुटं हाय?… कुणाला?… भांडीवालीला? अक्का! रेडिओ देऊन पातेलं घेतलंस?… झाकणासकट! वा. झाकणासकट म्हणजे चांगलंच झालं की. त्यावर बातम्या लागतात का?… आन् तू मला शिकवतीस, दे म्हणून!”

पार्वतम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिच्याही माळ्यावर एक रेडिओ धूळ खात पडला होता, आणि परवाच तिनं भांडीवालीला दारात थांबवलं होतं.

“ट्रान्झिस्टर? मला नको ट्रान्झिस्टर… आणून बघितला की ह्यांनी एक दिवस, गिरणीतल्या कुणाचा तरी. त्यावर कीर्तन लावलं. शी! रेडिओवरच्या बुवांच्या घशाला पत्रा मारल्यासारखा. शब्द सगळे कळत होते, माणूस कुटं गेला कोण जाणे. देवाचं नाव घेतायत का बाजारभाव सांगतायत, पत्ता लागंना. आपल्या रेडिओवर कसं, बुवा खोलीत येऊन बसल्यासारखे वाटतात. आवाज गरम असतो गं. बारीक लावला तरी मऊ, भरल्यासारखा…

“…काय म्हणालीस?”

मल्लव्वानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“न्हाय… ते वेगळं… वेगळं म्हणजे वेगळं! ते कीर्तन हाय. बुवांच्या आवाजाची गोष्ट हाय ती, व्हॉल्व्हचा काय संबंध?… अगं तेच बुवा ट्रान्झिस्टरवरबी होते, ते मला ठाऊक हाय… हसतीस काय?… बरं, ह्यांना तोच गोडवा पाहिजे असंल. असू दे. मग?… ऐकलं का म्हणजे? काय ऐकलं का?… रेडिओतनं गिटार? मी कशाला ऐकायला जाते… बरी असंल… मला काय त्यातलं कळतं… शेवग्याच्या शेंगा मिळतात का गं तुमच्याकडं?… कुटला विषय टाळते? मी न्हाय टाळत… अक्का, शपथ नको घालूस. आज सोमवार हाय. सिद्धेश्वराचा वार, उपास हाय माझा. आज खोटं बोलायला लावू नकोस.”

सोमवारी मल्लव्वा पार्वतम्मालाही “तुमची आमटी चांगली होती” असं म्हणत नसे. ते मंगळवारी म्हणे. हे गुरम्माला लहानपणापासून ठाऊक. ती काय बोलली कोण जाणे, पण धाकटीनं पार्वतम्माकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला. पार्वतम्मानं शेंगांचं सूप पुढं सरकवलं आणि स्वतःही थोडी सरकली.

“ऐकलं… काल. बाजारातनं आले. पिशवी जड होती, म्हणून जिन्यात टेकवली. वर रेडिओ चालू. मी म्हटलं, आज कसं काय कीर्तन लागलं? कुणीतरी पद म्हणत होतं, लई सावकाश. शब्द न्हाईत, पण म्हणणाऱ्याचा श्वास कळत होता… आवाज एवढासा गं. खाली पार्वतम्मांच्या चुलीपर्यंतबी जायचा न्हाय. पण भरलेला. तुला मठातल्या बुवांचं शेवटचं वर्ष आठवतं?… व्हय, घसा गेलेला. माईक पुढं केला तर हातानं बाजूला सारला त्यांनी. कानात सांगावं तसं बोलायला लागले, आन् चारशे माणूस श्वास धरून बसलं. तितं तूबी रडलीस, मीबी रडले… तसा. अगदी तसा. जिन्यात कितीतरी वेळ उभी ऱ्हायले मी. दार ढकललं तर हे. मांडीवर गिटार, रेडिओच्या मागं वायरी, निसटू नयेत म्हणून काड्यापेटीच्या काड्या खोचलेल्या. आन् डोळे मिटलेले.

“मग काय… मग शिव्या घातल्या. रेडिओला हात कुणी लावायला सांगितला म्हणून. वायर उपटून टाकली… कशाला म्हणजे? भीती वाटली. मला आवडलंय असं कळलं असतं तर रेडिओ कायमचा गेला असता की… ते काय म्हणायचेत? काय न्हाय. ‘बरं’ म्हणाले. गिटार खोळीत घातली. तवापासनं बोलणं न्हाय… आता? आता पान खायला गेलेत.

“काय?… कोण येणार हाय?… कुटला बँडवाला?… नातेपुत्याचा? आज? रेडिओ न्हाय मिळाला तर गिटार विकत देणार त्याला?… आन् पेटीबी?… मला कुटं सांगितलंय! मला वाटलं, पान खायला गेलेत… एसटी स्टँडवर? त्याला आणायला?… तुला हे सकाळपासनं ठाऊक हाय, आन् मला आत्ता सांगतीस! आधी पातेल्याचं झाकण सांगितलंस!”

पार्वतम्मा चटकन उठली आणि फाटकाबाहेर डोकावून आली. अजून कुणी दिसत नव्हतं. दारातूनच तिनं तसा हात हलवला. मल्लव्वानं पालथ्या हातानं नाक पुसलं.

“…रडत न्हाय. सर्दी हाय… आणखी काय म्हणाले ते?… ‘तिला त्रास होतो, मग ठेवून काय करू’… असं म्हणाले? बघ. बारा वर्षं डोक्यावर बडवलं तवा त्रास न्हाय आठवला. आन् आता कुटं ऐकण्यासारखं वाजायला लागलं, तर विकायला निघाले! अक्कल म्हणून न्हाय माणसाला. चार चादरी गुंडाळायची अक्कल, ज्वारीला गाणं ऐकवायची अक्कल, आन् बायको जिन्यात का थांबली एवढं कळायची न्हाय… कळणार कसं म्हणजे? डोळे उघडायचे जरा!

“ऐक. लिहून घे न्हायतर पाठ कर. ह्यांचा पुन्यांदा फोन आला तर म्हणावं, मल्लव्वा न्हायच म्हणाली, लई शिव्या घातल्यान. दुसरं काय सांगू नकोस… तुझं तू खोटं बोल, तुझा कुटं उपास हाय! आन् भोक पाडायचं तर मागच्या फळीला, पुढनं न्हाय. आन् कीर्तनाच्या वेळेला गिटार बंद. आन् महिन्यात व्हॉल्व्ह गेला तर… गेला तर… जाऊ दे. बुवासुद्धा गेले… हॅलो? अक्का? हॅलो?… अवो ताई, तोडू नका, आणखी एक…”

लाइन गेली होती. मल्लव्वानं रिसीव्हर ठेवला, टोपडं नीट केलं आणि दोन दोन पायऱ्या चढत माडीवर गेली. खाली आली तेव्हा रेडिओ तिच्या कमरेशी होता, वायर गळ्यात, आणि तिचा खणखणीत आवाज सगळ्या अंगणाला ऐकू जात होता.

“पार्वतम्मा, हे आले तर सांगा, चन्नवीरकडं गेलीय म्हणून… आन् त्या बँडवाल्याला चहा पाजा आन् परत एसटीत बसवा… न्हाय, ह्यांच्या सायकलीची वाट न्हाय बघत. कॅरिअरला बांधून नेतील, सुतळीनं! अवो, हाय माझ्या कमरेत जोर… सरका जरा, दार उघडा. लेकरू कुणी कॅरिअरवर नेतं व्हय? कडेवरच न्यायचं असतं.”