माळ्यावरची फळी

अरे, मला अजून खरं वाटत नाय. पेणजवळ जोह्याला गणपतीची मूर्ती ठरवायला गेलो, तर मूर्तीच्या कारखान्याच्या माळ्यावरची फळी टोकाला मोडली आणि मी धाडकन खाली. पाय फ्रॅक्चर. भरपाई मागायची म्हणून पेणच्या वकीलबाईंना घेऊन परत गेलो, तर मालक माझ्यावरच डाफरला, "बघून चालायचं ना!"

वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "फळी कुजलीय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? आमचा बाप तिथूनच पडून वारला. आम्ही केली का कुणावर केस?"

मी हादरलोच. बाईंनी मान डोलावत ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

मालकाला वाटलं, बाईंना पटलं. म्हणाला, "चला वर, मूर्ती दाखवतो. फळी उलटी करून परत बसवलीय."